‘मेरिंडा’वरची तोफ

बालमेन, सिडनी
ऑगस्ट १९४२

प्रिय ऊना,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. क्लाइव्ह सुखरूप आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तू त्याच्याशी लग्न केलंस, त्यानंतर मी तुला कधी लिहिलं नाही. पण जूनमध्ये आमच्या गोदीत ‘मेरिंडा’ नावाची बोट आली. बिचारी आजवर कोळसा वाहायची, आता तिच्यावर तोफ चढवायची होती. तोफेच्या पथकाचा म्होरक्या म्हणून शिडीवरून उतरला तो तुझा नवरा! मला बघून म्हणाला, “पर्सी, लेका, तू इथं? मग नीट बसव हं, त्या तोफेमागं मी उभा राहणार आहे.”

नीट बसवणं सोपं नव्हतं. डेकवर मागच्या महायुद्धातली बैठक होती आणि मिळालेली तोफ भलत्याच जहाजावरची. बैठकीचा खळगा मोठा, तोफेचा खुंट बारीक. जपानी पाणबुड्या बंदरात शिरून गेल्यापासून सगळ्यांनाच घाई. नवी बैठक मिळणार कुठून? म्हणून मी मधे बसेल असं जाड पोलादी कडं कातलं. बैठक तापवून ते आत सोडलं आणि गार होताना तिनं ते असं आवळलं, की घणानंही हललं नसतं. ही तोफ त्या बैठकीवरच्या जुन्या तोफेपेक्षा जड, धक्काही मोठा. म्हणून डेकखाली आधाराचे खांब दिले. क्लाइव्ह रोज यायचा, कामाला हात लावायचा, माझ्या डब्यातलं मटण पळवायचा. मला तो आवडायला लागला, ऊना. लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

चाचणीला बंदराबाहेर गेलो. दोन बार झाले, कडं तसूभर हललं नाही. तिसऱ्याच्या वेळी एक मासेमारीची होडी आडवी आली. अधिकारी ओरडला, “थांबा!” सगळे थिजले, पण क्लाइव्हचा हात तोफ डागायची दोरी ओढायला निघालेला. मी बैठकीपाशीच होतो, त्याचं मनगट धरलं. तो माझ्याकडे बघून हसला, काय झालं म्हणून. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

बाकीच्यांना वाटलं, आवाजानं कानठळ्या बसल्या असतील. मी संध्याकाळी त्याला धक्क्यावर गाठलं. वर्षभर तोफांजवळ राहून त्याचे कान गेले होते आणि त्यानं ते लपवलं होतं. वरिष्ठांना सांगायला हवं, असं मी म्हणताच त्यानं माझी गचांडी धरली. “सांग जाऊन! लोक काय म्हणतील ठाऊक आहे? ऊना मिळाली नाही, म्हणून तिच्या नवऱ्यावर सूड उगवला.”

खरंच, तसंच म्हणाले असते. मलाही क्षणभर वाटलं, आपण कशाला मधे पडा? पण ती होडी डोळ्यांपुढून हलेना. तोंड त्याच्यासमोर नेऊन मी म्हटलं, “म्हणोत. सकाळपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगतो.”

त्यानं मला सोडलं आणि तिथंच बसून लहान मुलासारखा रडला. सकाळी स्वतःच कप्तानाकडे गेला. मला म्हणाला, “बाहेर थांबशील ना?” मी थांबलो.

‘मेरिंडा’ दुसरा माणूस घेऊन गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत क्लाइव्ह टोपी हातात धरून उभा होता.

नौदलानं त्याला सोडलंय. तेव्हापासून तो माझ्याकडेच राहतो. आत्ता स्वयंपाकघरात बटाटे सोलतोय. घरी जायचं नाव काढलं की उठून बाहेर जातो. त्याला वाटतं, तू एका तोफचीशी लग्न केलंस, बहिऱ्याशी नाही. तू तशी नाहीस, हे त्याला मी सांगून पटणार नाही. ते तुझ्याच तोंडून कळायला हवं. म्हणून त्याच्या नकळत हे लिहितोय. ये आणि त्याला घेऊन जा. हाक मारू नकोस, समोर जाऊन उभी राहा. ओठ दिसले की त्याला सगळं कळतं.

तुम्हा दोघांचाच,
पर्सी