निरोप झाला, जाणं राहिलं

खटकचिंचोळी,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप मामांना रविकुमारचा प्रभू येशूच्या नावानं सलाम.

तुमचा गुडघा कसा हाय? मामीची शुगर? (पेढ्याचा डबा कुठल्या फळीवर हाय तेवढं कळवा, म्हणजे शुगरचं मला आपोआप कळंल.) माझी तब्येत उत्तम. इतकी उत्तम, की शर्टाची दोन बटणं उडाली.

तुमच्या मिशनच्या कमिटीनं मला वर्षभरासाठी हितं धाडलं. वर्षात एकच काम मला नीट जमलं, संध्याकाळी बायकांना लिहा-वाचायला शिकवायचं. अकरा जणी येत्यात. नऊ महिन्यांत पुस्तक निम्म्यावर आलं, तवा उरलेल्या तीन महिन्यांचं सोनं करायचं, पुस्तक संपवूनच गाव सोडायचं, असं मी ठरवलं. आन् तिथंच माती खाल्ली. बायकांनी आता नागा करू नये म्हणून पारावर घरमालक उद्धवरावांना (माणूस देव, आवाज लाऊडस्पीकर) सांगितलं, अप्पा, माझे आता शेवटचे तीन महिने. घसा जरा दाटून आणला, खोटं कामून बोलू? वाटलं, म्हणतील राहा की लेकरा. तर ते ताडकन उठले आन् साऱ्या पारासमोर ओरडले, ‘‘मग पयलं जेवण आमच्या घरी!’’

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच हाय. मास्तर गाव सोडून चालला की घराघरानं जेवायला बोलवायचं, टॉवेल-टोपीचा आहेर करायचा, हातात नारळ द्यायचा. पण ते जायच्या आठवड्यात! हितं उद्धवरावांनी पयला नंबर लावल्यावर बाकीच्यांना दम कुठला? त्यांच्या घरी कारभारीण राजूबाईंनी हुग्गी केली (गूळ घातलेली गव्हाची खीर, वर तुपाची धार), म्हणून बाणूबाईनं शेंगाच्या पोळ्या केल्या, म्हणून बिराप्पा अण्णांनी बकरंच पाडलं. तुमचा भाचा एवढा प्रामाणिक, की तिन्हीकडं पोटभर जेवला. सहा आठवड्यांत सत्तावीस घरं झाली, मामा. सत्तावीस टॉवेल! टोप्यांवर टोप्या ठेवल्या तर छताला लागत्यात. आन् जेवण संध्याकाळी, वर्गबी संध्याकाळी. ज्या घरी जेवण, तिथल्या चुलीपुढं माझ्या अकराही जणी मदतीला. मी खडू घेऊन रिकाम्या वर्गात बसायचं, की आलाच बोलवायला माणूस. पुस्तकाचं एक पान पालटलं न्हाई.

गेल्या गुरुवारी शेवटचं घर झालं, वाटलं सुटलो. कशाचं काय! निरोप दिलेला माणूस गावात फिरायलाय, हे कुणाला पटंना. दुकानात गेलो की, कामून मास्तर, अजून हितंच? बस चुकली का? वर्गाला बोलवावं तर बायका लाजत्यात, आहेर केलेल्या माणसाला परत कामाला कसं लावायचं म्हणत्यात. रविवारी भालकीला चपलेचा अंगठा शिवायला चाललो, तर उद्धवरावांनी मला बसमध्ये चढवलं, गळ्यात पडले, डोळे पुसले. तीन तासांनी मी परतीच्या बसमधून उतरलो, तवा त्यांचा चेहरा बघवंना. लिहिताना हसायलोय, पण मामा, आतून जीव तुटायलाय. दीडच महिना राहिलाय. त्या अकरा जणींना अर्ध्या वाटेवर सोडून घरी उदगीरला आलो तर मला रात्री झोप यायची न्हाई.

मामीला सलाम, पोरांना मुके.

तुमचा भाचा (वजन वाढलेला),
रविकुमार

ता. क. अहवालात मी ‘सत्तावीस कुटुंबांना भेटी’ असं लिहिलंय. जेवणाचं लिहिलं न्हाई. तुम्हीबी कमिटीत बोलू नका.

ता. क. खरं म्हणजे पत्र ह्याच्यासाठीच हाय. कमिटीत तुमचा शब्द चालतो. मला अजून एक वर्ष मागून द्या. गावाचा अर्ज लागतो म्हणत्यात, पण ज्यांनी रडून निरोप दिला त्यांच्याकडं तो कुठल्या तोंडानं मागू?

ता. क. पाकीट चिकटवायलो होतो, तेवढ्यात लिंगम्मा अक्का आली. वर्गातली सगळ्यात थोरली, पासष्टीची. घडी घातलेला कागद दिला, तुझ्या मामाला धाड, तू वाचू नको, म्हणाली. मी वाचला. ‘मास्तरला अजून एक वर्ष ठेवा. पुस्तक निम्मं राहिलंय. आमचं चुकलं, लवकर जेवू घातलं.’ खाली अकरा जणींची नावं हायत. वाकडीतिकडी, एक तर कागदाबाहेर चाललंय. पण मामा, अंगठा एकबी न्हाई.