गोदामात जन्मलेल्या माश्या

प्रति,
मा. श्री. राघव खांबेटे,
साहाय्यक निरीक्षक, जैविक आवक कक्ष,
मालगोदाम क्र. ४, दिल्ली

विषय : परदेशातून आलेल्या व आता परदेशी न राहिलेल्या फळमाश्या ताब्यात मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा हिंदी अर्ज (इंग्रजी प्रत मागवून परत)
२) माझा इंग्रजी अर्ज (हिंदी प्रत मागवून परत)

महोदय,

आपले शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत झाल्याचे समजल्यावरून हा तिसरा अर्ज मराठीत करीत आहे. आधीच्या दोन्ही प्रती सोबत आहेत.

१. मी नोएडा येथे संशोधक आहे. आंतरराष्ट्रीय जीवसंशोधन साहाय्य संघाने मला शिष्यवृत्ती दिली आहे. हा संघ देशोदेशींच्या प्रयोगशाळांना प्रशिक्षक, रसायने आणि प्रयोगासाठी लागणारे जीव विनामूल्य पुरवतो. मला त्यांनी शिकलेले विसरण्याचा दोष असलेल्या फळमाश्या पाठवल्या. माणसाचा स्मृतिभ्रंश समजून घ्यायला त्यांचा उपयोग होतो. दसऱ्याच्या सुमारास त्या आपल्या गोदामात आल्या आणि तिथेच थांबल्या.

२. कागदावर माश्या चारशे होत्या. तपासणी होईपर्यंत त्या दुपटीहून जास्त भरल्या. जादा माल लपवून आणल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. नर व माद्या एकाच नळीत होत्या, असा खुलासा मी केला. हे टाळता आले असते काय, अशी पुढे विचारणा झाली. नसते.

३. आपल्या कक्षाने माश्यांना खाऊ घालण्याची परवानगी दिली, त्याबद्दल आभारी आहे. मक्याचे पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून नव्या नळ्यांत भरते, आणि दर पंधरवड्याला येऊन माश्या त्यांत हलवते. फाटकावरील रजिस्टरमध्ये 'नाते' असा रकाना आहे. तिथे मी पहिल्यांदा 'संशोधक' लिहिले, तेव्हा तेथील कर्मचारी श्री. धीरज यांनी हे नाते चालत नसल्याचे सांगितले. तेव्हापासून 'पालक' असे लिहिते.

४. जिवंत परदेशी प्राण्यांना विशेष परवाना लागतो, असे आपले म्हणणे आहे. परंतु परदेशातून आलेल्या माश्या केव्हाच मेल्या. सध्याच्या सर्व माश्या मालगोदाम क्र. ४ मध्येच जन्मल्या असून त्यांनी दिल्लीबाहेर पाऊलही टाकलेले नाही. हा मुद्दा मी तोंडी मांडला असता, माल देशी असेल तर तो आवक कक्षात असूच शकत नाही, आणि जो कक्षात नाही तो कक्षाला सोडता येत नाही, असे उत्तर मिळाले. मी घरी जाऊन यावर पुष्कळ विचार केला. उत्तरात मला चूक सापडली नाही.

५. मार्चपर्यंत पहिले निष्कर्ष न दिल्यास शिष्यवृत्ती दुसऱ्या उमेदवाराकडे जाईल. संशोधन सध्या कुठे चालू आहे, असे संघाने विचारले. मी खरे ते, म्हणजे आपल्या गोदामाचा पत्ता, कळवले. त्यांनी अभिनंदन करून तिथे प्रशिक्षक पाठवण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या खुर्चीची व्यवस्था व्हावी.

६. हा मुद्दा नियमात बसत नाही, तरी लिहिते. माझे वडील श्री. विष्णू सबनीस यांची सारी नोकरी सरकारी कचेरीत आणि सारा संसार सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये झाला. अर्ज कसा लिहावा हे मी त्यांच्याकडून शिकले. आता ते मला ओळखत नाहीत. संध्याकाळी घरी गेले की मात्र न चुकता विचारतात, "बाई, तुमच्या माश्या सुटल्या का?" दिवसभरातले त्यांच्या लक्षात राहते ते एवढेच. या संशोधनाचा त्यांना उपयोग होणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्यांना हा प्रश्न आठवतो आहे तोवर मला एकदा 'हो' म्हणायचे आहे.

७. आता कडाक्याची थंडी पडली आहे. गोदामात ऊब नसल्याने माश्या अंडी घालेनाशा झाल्या आहेत. ही पिढी संपली की प्रकरण आपोआप निकाली निघेल, आणि मला त्याचीच भीती वाटते. सुटकेचा निर्णय आपल्या सवडीने व्हावा. तोपर्यंत नळ्या ठेवलेल्या कपाटात थोडी ऊब राहील अशी व्यवस्था करण्यास परवानगी द्यावी, एवढीच विनंती. कक्षाला काहीही आणावे लागणार नाही.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,

डॉ. मृणाल सबनीस
(पालक)
नोएडा, २ जानेवारी २०२५

सोबत :
१. संघाचे पत्र
२. हिंदी व इंग्रजी अर्जांच्या प्रती
३. साठ वॅटचा बल्ब, वायर व होल्डरसह (एक)