आईच्या रक्ताचा रिपोर्ट

अण्णा,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्याशी भांडायचं राहून गेलं, म्हणून लिहिते आहे.

आईला पहिली फिट आली तेव्हा मी कॉलेजात होते. मेंदूच्या स्कॅनमध्ये एक ठिपका दिसला. तो टीबीचा की जंताचा, हे ठरवायला डॉक्टरांनी तिचं रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी आपण तिघं शाहूपुरीतल्या दवाखान्यात बसलो आहोत. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या जंताविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात आहेत, असं डॉक्टर म्हणतात, आणि आईचा चेहरा उतरतो. तिनं जन्मात अंडंसुद्धा शिवलं नव्हतं. डॉक्टरांनी ते ओळखलं असावं. मांस न खाताही हे होतं, असं त्यांनी दोनदा समजावलं. ज्याच्या पोटात तो जंत आहे त्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात, भाजीवर जातात, आणि कच्च्या भाजीबरोबर आपल्या पोटात. तपासणी एवढंच सांगते की शरीराची त्या जंताशी कधीतरी गाठ पडली. कशी पडली ते सांगत नाही. मग त्यांनी विचारलं, कच्चं काय खाता? आई म्हणाली, भाकरीबरोबर मेथी, आमच्याच मळ्यातली. बावड्याचा तो मळा ओढ्याला लागून, आणि ओढ्याकाठी सगळी वस्ती परसाकडला बसायची. तुम्ही खाली बघत होता.

घरी आजीनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "डुकराचा जंत हाय म्हणत्यात रक्तात." पुढं काही नाही. उरलेलं मी सांगितलं. आजीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रक्त खोटं सांगतंय व्हय? म्हायेरात कुठंतरी खाल्लं आसल."

ती तुमच्याकडे बघत होती. आईसुद्धा. तुम्ही पायताण घालून मळ्यात गेलात. दुसऱ्या दिवशी मेथी नेहमीसारखी बाजारात गेली.

आईचं ताट वेगळं झालं. त्या पावसाळ्यात जैन मुनिमहाराज गावात चातुर्मासाला होते. त्यांच्या आहाराचा स्वयंपाक आपल्या घरी झाला, तेव्हा काकू चुलीपाशी आणि आई मागच्या पडवीत. इतकी वर्षं तो मान तिचा होता. तुम्ही पडवीतून जाताना ती हळूच म्हणाली, "आत्याबाईस्नी तुमी सांगा की, डॉक्टर काय म्हणलं ते. तुमचं ऐकतील." तुम्ही "बघू" म्हणालात.

औषधांनी फिट थांबल्या, ठिपकाही गेला. ताट वेगळंच राहिलं. आजी गेल्यावर तरी तुम्ही बोलाल असं मला वाटलं होतं. तोवर आईच आपणहून ताट घेऊन पडवीत बसायला लागली होती, आणि तुम्ही आत जेवत होता. शेवटपर्यंत तसंच चाललं. तिनं चोरून मांस खाल्लं असं लोकांनी म्हटलं तर चालेल, पण मळ्याच्या मेथीला कुणी नाव ठेवता कामा नये, हे तुम्ही ठरवलं होतं. मी तुम्हाला मनातल्या मनात भित्रा म्हणायची. आता तेवढंही म्हणावंसं वाटत नाही.

परवा सगळी जेवायला बसलेली असताना माझ्या थोरल्या जावेनं सहज विचारलं, तुझ्या आईला कसला आजार होता गं? मी म्हटलं, फिट यायच्या. पुढचं मला सांगवलं नाही.