हेलनचा स्वेटर

वाळूज

प्रिय वच्छे,

पाकीट बघून आधी घाबरशील, कारण आपल्याकडे पत्र म्हणजे एकतर बँकेचं, नाहीतर कोणीतरी गेल्याचं. तसं काही नाही. सगळे ठणठणीत आहेत. सासरे तर दोन भाकरी चुरून खातात आणि वर चहा मागतात. फोन केला असता, पण फोनवर मी तुला खोटं सांगते. तू विचारतेस काय चाललंय, मी म्हणते मजेत, की विषय संपला. लिहिताना तेवढं पटकन खोटं बोलता येत नाही. तुझ्या रानातलं आलं काढून झालं असेल तर निवांत बसून वाच, मध्येच उठू नकोस.

आधी बातमी. बानूला दत्तक घ्यायची परवानगी आली. तिकडच्या कोर्टाची आणि इकडच्या सरकारची, दोन्ही. घरात भंडारा एवढा उधळला की फरशीच्या फटींतून अजून निघतोय. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले, आमच्या त्रिंबकरावांनी कंपनीच्या बसमध्ये वाटले, ड्रायव्हरला दोन दिले. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं न्यूझीलंडला जाऊन तिला घेऊन येणार. आता तू म्हणशील, मग पत्राचा सूर असा पडका का?

तुला माझा धाकटा दीर मार्तंड आठवतो ना, आमच्या लग्नात नवऱ्याचे बूट कोणी लपवतील म्हणून ते पोटाशी धरून पंगतीला बसलेला? तो न्यूझीलंडला दूध काढायच्या यंत्रांच्या कारखान्यात लागला, तेव्हा सासऱ्यांना आनंद एकाच गोष्टीचा झाला होता, की त्या देशात माणसांपेक्षा मेंढरं जास्त. दर फोनला विचारायचे, "कानं लांब हायेत का आखूड?" मग गाडीच्या अपघातात तो आणि त्याची बायको रेणुका दोघंही गेले. त्यांची बानू तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. त्या दिवशी ती शेजारच्या हेलनकडे होती आणि तेव्हापासून तिथंच आहे. हेलन साठीला टेकलेली, एकटी. पहिल्याच फोनवर म्हणाली होती, तुम्ही येईपर्यंत मी सांभाळते. तिला बिचारीला काय माहीत, आपलं येणं कसं असतं ते.

आधी कोरोनानं दारं लागली. मग फाईल सुरू झाली. ज्या घरात मूल येणार ते घर तपासतात, आणि तपासलं तसंच ते राहावं लागतं. एक बाई आल्या, खोल्या बघितल्या, फोटो काढले, आणि त्या दिवसापासून आम्ही त्या फोटोतच राहतोय. ह्यांना चाकणला बढती मिळत होती, पत्ता बदलेल म्हणून सोडली. आई घरी असलेली बरी असं कोणीतरी म्हणालं, म्हणून मी शाळेची नोकरी सोडली. आतल्या खोलीला पिवळा रंग दिला, ती बानूची. तिथं कोणी झोपत नाही, आणि आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत आढीतल्या आंब्यांसारखे. मध्येच कोणी तपासायला आलं तर, या भीतीनं मी आपल्या गावी, पिशोरला, मुक्कामाला येणंच बंद केलं. तुझ्या थोरलीच्या साखरपुड्याला जेवणापुरती आले आणि तू रुसलीस. बरोबरच होतं तुझं.

त्यातच आपल्या शहराचं नाव बदललं. जुन्या कागदांवर औरंगाबाद, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. तिकडच्यांना वाटलं, यांनी न सांगता बिऱ्हाड हलवलं. तपासणी पुन्हा पहिल्यापासून. घर होतं तिथंच आहे हे पटवण्यात एक अख्खा उन्हाळा गेला. आणि सासूबाईंचा पराक्रम तर तुला सांगितलाच नाही. मी बानूला खेळणी पाठवली, त्यात त्यांनी गुपचूप सासऱ्यांच्या घोंगडीचा तुकडा आणि भंडाऱ्याची पुडी बांधून टाकली. नातीला मेंढराचा आणि देवाचा, दोन्हींचा आशीर्वाद पाहिजे म्हणून. तिकडच्या पार्सलांच्या तपासणीत कच्ची लोकर आणि पिवळी पूड दोन्ही निघाली आणि खोकं अडकलं. ही पूड काय आहे आणि आम्ही ती कपाळाला का लावतो, हे मी इंग्रजीत लिहून कळवलं. सासूबाईंना अजून वाटतं, तिकडच्या साहेबानं भंडारा स्वतःच्या देव्हाऱ्यात ठेवून घेतला.

तू हसली असशील. मीही हसते, नाहीतर काय करणार? पण या सगळ्यात बानू फोनच्या काचेत मोठी झाली. आमची सकाळची भांडी होतात तेव्हा तिथं दुपार असते. आधी ती काचेला ओठ लावायची, मग पळून जायला लागली. आता हेलन बोलावते म्हणून येते, नमस्ते म्हणते, पडलेला दात दाखवते आणि हेलनला चिकटते. हेलनचा एक करडा, जुना स्वेटर आहे. बानू आमच्याशी बोलताना त्याच्या बाहीचं टोक तोंडात धरून असते. माझं नाव, 'पुतळा', तिला म्हणता येतं. 'आई' म्हण म्हटलं की ती हेलनकडे बघते.

मला ती हवी आहे, वच्छे. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांच्या बारशांना हसून जाणं झालं. ती आली की मी आई होईन, इतकं साधं आहे ते. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

परवानगी आली त्या दिवशी सासऱ्यांनी मला जवळ बसवलं. तुमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे तेव्हा आपण दोघींनी बघितलंय, मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराला पांघरतात. मेंढीला आपल्याच लेकराचा वास येतो आणि ती त्याला पाजते. सासऱ्यांनी आधी रेणुकाची साडी काढायला लावली, मी ती नेसून जावी म्हणून. मग स्वतःच मान हलवली. म्हणाले, "रेणुकाचा वास लेकराला आता ठाव नाय. त्या बाईच्या अंगातलं मागून घे. आन् धुवू नको म्हनावं." मला ते लई पटलं. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या मोडक्या इंग्रजीत हेलनला मेंढीची गोष्ट सांगायला लागले. अर्ध्यातच तिला कळलं. तिच्या वडिलांची मेंढरं होती, आणि तिथंही असंच करतात म्हणे. तिनं उभ्या उभ्या स्वेटर काढला, पाठवते म्हणाली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मला नुसता काळोख दिसत होता. बानूचा आवाज तेवढा येत होता, मोठ्या माणसानं लहान मुलाची समजूत काढावी तसा.

तो स्वेटर काल आला. या वेळी कुठं अडकला नाही. ह्यांची पहिली पाळी होती, सासूबाई देवळात गेलेल्या. मी तो अंगात घातला आणि पिवळ्या खोलीत जाऊन बसले. साबणाचा वास येतो, लोण्यासारखा कसलातरी येतो, आणि लाळेचा. बाहीचं टोक चघळून चघळून कडक झालंय. तिथं बसल्या बसल्या मला कळलं, की आम्ही सगळे एक गोष्ट विसरलो. कातडं मेलेल्याचं काढतात. इथं तर जिच्या अंगातलं काढलं ती हेलन जिवंत आहे.

मी तसं सासऱ्यांना बोलले. त्यांनी बाहीचं ते टोक बोटांत धरून चाचपलं. मग म्हणाले, "पाजती मेंढी असंल तर आपुन मधी हात घालत नसतो." एवढं बोलले आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागले. "पर ती माझ्या मार्तंडची हाय, पुतळे. तेवढंच ऱ्हायलंय त्याचं." आता यातलं कोणतं खोटं म्हणू? तिकडच्या अधिकारी बाई शेवटच्या बोलण्यात म्हणाल्या होत्या, निघण्याआधी तुमची एक ओळ आली तर मूल हेलनकडेच राहील; हेलनची तयारी आहे, पण ती स्वतःहून मागणार नाही. ह्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला ते सोडता येत नाही. ती ओळ लिहिली तर या घरात मला तोंड दाखवायला जागा नाही, आणि माझी कूस कायमची रिकामी. नाही लिहिली तर कोणाच्या तरी हातातून लेकरू ओढून आणायचं, आणि त्याला आपलं म्हणायचं.

हे सगळं तुलाच का लिहिलं, ते तुला एव्हाना कळलं असेल. चौथीचं अर्धं वर्ष संपल्यावर तू आमच्या वर्गात आलीस. चितेगावच्या मावशीनं तुला रांगती असल्यापासून वाढवलं होतं, आणि तुझ्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, तुला परत आणलं होतं, आपलं रक्त आपल्या दारात म्हणून. पोर रुळली, असं सगळं गाव म्हणायचं. शाळा सुटली की तू स्टँडवरच्या दगडावर बसायचीस आणि मी तुझ्या शेजारी बोरं खात. चितेगावकडून येणारी औरंगाबादची गाडी यायची, माणसं उतरायची, गाडी रिकामी झाली की तू म्हणायचीस, चल. मला वाटायचं, तुला गाड्या बघायला आवडतात. तू त्या दगडावर बसणं सोडलंस ते खरंच रुळलीस म्हणून, की पुढं आपल्याला कन्नडच्या शाळेत घातलं म्हणून? तुझ्या आईला तू आई म्हणायला लागलीस, तेव्हा मनातून म्हणत होतीस का? माझ्या मनासारखं लिहू नकोस, खरं लिही. तू लिहिशील तसं मी करीन. लवकर लिही तेवढं. स्वेटर मी स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवलाय, पण वास किती दिवस टिकतो ते मला माहीत नाही.

त्या दगडावर शेजारी बसणारी,
तुझीच
पुतळा