लिंबाशिवायची प्लेट

बाबा,

आज घरी पोहे केले नाहीत. मी केळापूर रोडवर माझ्या स्टॉलवर चालली.

आमच्या शाळेत भाषण देताना तुम्हीच म्हटलं होतं, "पोरांनो, सुट्टीत छोटासा धंदा करून पाहा. त्यात लाजायचं काय?" ते ऐकूनच मी तर्री-पोह्याचं ठरवलं. स्टॉलचं टेबलही तुम्हीच ठोकून दिलं.

मग काल ऑफिसच्या साहेबांसोबत आले, तेव्हा मले ओळख काहून दाखवली नाही? मी सवयीनं, न विचारताच तुमची प्लेट लिंबाशिवाय, चणे जास्त घालून दिली. साहेब हसून म्हणाले, "इथं रोज येता वाटते?" तुम्ही म्हणाले, "नाही हो, पहिल्यांदाच आलो." वरून मले म्हणाले, "ताई, पाणी द्या."

पाणी दिलं मी. रडली नंतर, भांडी घासताना.

आईले काही सांगितलं नाही. साहेबांले पोहे आवडले, आज पुन्हा येतो म्हणाले. तुम्हीही याल त्यांच्यासोबत. फक्त ताई म्हणू नका, गौरी म्हणा. नाहीतर तुमच्या प्लेटवरही लिंबू पिळीन, बाकी गिऱ्हाइकांसारखं.

गौरी