अठराव्या पावलावरची माता

१० फेब्रु., मंगळ

आज पण ढक्कन नाही आलं. मिस्त्री सोमवारी घेऊन येतो म्हणाला. तो सोमवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. संक्रांतीपासून गल्ली खोदून ठेवलीय. पाईप टाकले, माती कशीबशी लोटली, आणि चेंबरचा खड्डा उघडाच. उभा माणूस गडप होईल इतका. ना फळी, ना दोरी, ना पाटी. आज रामसेवक मिस्त्रीला धरलंच. म्हणतो, “आ रहा है ढक्कन, अम्मा.” म्हटलं, अम्मा तुझ्या घरी. आणि ढक्कन काय वरातीत घोड्यावर बसून येतंय, इतके दिवस लागायला? हसला. हसायला काय जातं.

हे घरात. काचबिंदूने डावा डोळा गेला, उजव्यातून नळीतून पाहावं तेवढं दिसतं. तरी रोज सकाळी एकटे मारुतीला जायचे, पावलं मोजून. दोनशे बारा. खड्डा अठराव्यावर आहे.

हात धरून नेते म्हटलं तर नको. हात धरला की मोजणी चुकते म्हणे.

११ फेब्रु.

हे कुठे लिहितेय ते यांना सांगितलं नाही. नळखात्यातलं यांचं जुनं रजिस्टर. पुढून यांचं अक्षर, कंपू भागाचा वॉल्व पाचला उघडला, साडेसहाला बंद. तीस वर्षं तेच. मागची पानं कोरी होती. मी मागून लिहिते. चौथी पास बाईला एवढी जागा पुष्कळ.

१३ फेब्रु., शुक्र

स्वतःच केलं. परसातल्या शेवग्याची फांदी तोडली, मनगटाएवढी जाड, आणि खड्ड्याच्या काठाच्या मातीत ठोकली. लाल कापड पाहिजे म्हणून शोधलं तर ओटीतला खणच हाताला लागला, जरीकाठाचा. तोच बांधला. लांबून दिसतो. मग भोवती पांढरी रांगोळी ओढली, गाडीवाल्यांना कळावं इथपर्यंतच यायचं. जाड रेघ, ठिपके वगैरे काही नाही.

आता रांगोळी काढली की कोरी कशी ठेवायची. हात आपोआप गेला. चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू.

यांना सांगितलं, खूण केली. म्हणाले, “छान. दिसत असतं तर पाहिली असती.” असं बोलतात आणि हसतात. मला नाही हसू येत.

१६ फेब्रु.

दुपारी हे म्हणाले, मला खोदलंय तिथे ने. आपल्या दारापुढची चारी अजून बुजली नाही. काठावर बसवलं, तर पोटावर पालथे पडून चारीत हात घातला. बायका बघत होत्या. बघू देत.

बोटांनी चाचपत खाली खाली गेले. हे सिमेंट, हे मागच्या वेळचं. हे त्याच्या आधीचं. हे डांबर, हे आपल्या नीतूच्या जन्माच्या आसपासचं. याच्याखाली खडी. मग बोटं एका जागी थांबली. “हा दगड,” म्हणाले, “याच्यावर मी गोट्या खेळलोय. अजून थंड आहे बघ.”

मीही हात घातला. खरंच थंड.

लग्न होऊन आले तेव्हा दाराला तीन पायऱ्या चढायच्या होत्या. आता एक उतरावी लागते. घर आहे तिथेच आहे, सडक चढत गेली. जुनी काढत नाहीत, वर नवी घालतात, गोधडीवर गोधडी. रात्रभर पाणी आत यायचं पावसाळ्यात ते उगीच नाही.

१७ फेब्रु.

जेवून पडले होते, डोळा लागला. पाहिलं ते असं. गल्लीतल्या सगळ्या सडका काचेच्या झाल्यात, एकीखाली एक, आणि प्रत्येकीवर माणसं चालतायत. सगळ्यात खाली एक पोरगा गोट्या खेळतोय. मधल्या डांबरावर मी, नवी नवरी, नऊवारीत पाय अडकतोय. वर आताची मी, पिशवी घेऊन. कोणी कोणाला दिसत नव्हतं. फक्त खड्डा सगळ्यांतून आरपार जात होता, विहिरीसारखा, आणि त्यातून हवा येत होती, ओल्या मातीचा वास. मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं, सांभाळा. तोंडच उघडेना.

उठले तर घसा दुखत होता, खरंच ओरडल्यासारखा.

२१ फेब्रु., शनि

खड्ड्याशी अगरबत्ती कोणी लावली?

२२ फेब्रु.

समोरच्या शकुंतला भाभीने. विचारलं तर म्हणते, “तुमने ही तो बिठाया है दीदी, हल्दी-कुमकुम चढ़ाके, चुनरी बाँधके.” म्हटलं चुनरी नाही ती, खण आहे, आणि देव नाही तो, खड्डा आहे. तिने कानाला हात लावले. “ऐसा नहीं बोलते.”

आता काय सांगणार, आमच्यात रांगोळीला हळदकुंकू लावतातच म्हणून. कोण ऐकतं.

२६ फेब्रु.

शेवग्याला पालवी फुटली. पोपटी, नखाएवढी. सकाळी ऊन तिच्यातून गेलं की खाली मातीवर हिरवी सावली पडते. बघत उभी राहिले, दूध उतू गेलं.

गल्लीभर झालं, सूखी लकड़ी हरी हो गई, गोवर-कांजिण्यांची शीतला माता प्रकट झाली. अहो, शेवगा आहे तो! कुठेही खोचा, लागतो. आमच्या सासूबाई तर दारात शेवगा लावू द्यायच्या नाहीत, भूत बसतं म्हणायच्या. तिथे ह्या बायका तांब्याने पाणी घालतायत. सकाळपासून नऊ जणी मोजल्या.

नीतूला फोनवर सांगितलं. पोरगी हसून हसून पडली. “आई, तू पण ना! पूरे मोहल्ले को मंदिर बनवून दिलंस.” म्हटलं इंदूरला बसून हसू नकोस, तुझ्या बापाला बाहेर पडता येत नाही. मग म्हणाली, कंप्लेंट ऑनलाइन डालते मी, रुक जा.

२८ फेब्रु., शनि

एक गोष्ट झाली. हे आज बाहेर पडले.

म्हणाले, आता खड्डा कुठे आहे ते मला कळतं. नाकाला कळतं. अगरबत्तीचा वास दाट झाला की भिंतीकडे सरकायचं, पातळ झाला की पुन्हा मधे यायचं. मी दारात उभी, जीव मुठीत. काठी टेकत गेले. सतराव्यावर थांबले, हुंगल्यासारखं केलं, भिंतीला हात लावला, वळसा घातला. गेले. मारुतीची घंटा वाजली ती यांचीच, तीन ठोके देतात.

आल्यावर चहाला बसले तर चेहरा असा, की नळाला पाणी आलंय. दीड महिन्याने.

मनात म्हटलं, राहू दे मग. असू दे माता तर माता.

३ मार्च

आजकाल यांना वास आणि आवाजाचं सगळं दिसतं. सांगतात, काल रात्री पाईपात पाणी वळलं, बायकांच्या हसण्यासारखं. गल्लीखाली दुसरी गल्ली आहे म्हणतात, तिथे अंधारच असतो म्हणून तिथे आपण सगळे सारखे. मी म्हटलं, उपमा गार होतोय.

पण नंतर भांडी घासताना तेच मनात फिरत राहिलं. नळाला कान लावून पाहिला. खरंच कोणीतरी हसतं.

५ मार्च, गुरु

मिस्त्री आज ढक्कन घेऊन आला! लोखंडी, गोल, हातगाडीवर. मी धावत बाहेर. तो खड्ड्याजवळ गेला, पालवी पाहिली, खण पाहिला, नारळ पाहिले, चप्पल काढली. हात जोडले. आणि गाडी वळवली.

“अरे कुठे?”

“स्थान बन गया है, अम्मा. हम हाथ नहीं लगाएँगे. हमारे घर में छोटे बच्चे हैं.”

गाडीला आडवी झाले. मीच लावलीय फांदी, माझ्या परसातली आहे, मीच उपटते. लगेच भाभी आणि चार जणी आल्या. “माता से पूछे बिना मत छूना दीदी.” एक म्हणाली, तुम मराठे लोग तो सब जानते हो, फिर भी? काय जाणतो आम्ही!

ढक्कन परत गेलं. चाकांचा आवाज नाक्यापर्यंत ऐकला.

९ मार्च, सोम

महापालिकेच्या ऑफिसात गेले. साहेब मीटिंगमध्ये. बाबूने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, तुमची तक्रार निपटली. नीतूने टाकली होती ती. म्हटलं कशी निपटली, दाखव. फोटो दाखवला. माझाच खड्डा, माझीच रांगोळी, झेंडूच्या माळा. खाली लिहिलंय म्हणे, जागा सुरक्षित, सजवलेली.

मी म्हटलं, भाऊ, हा खड्डा आहे. तो म्हणाला, “दिख तो बहुत सुंदर रहा है.”

टेम्पो-रिक्षात परत येताना डोंगरावरचा किल्ला दिसत राहिला, धुळीत तरंगल्यासारखा, खाली काही नाही असा. तोही कोणीतरी अधांतरी सोडून दिलाय वाटलं.

११ मार्च, बुध

बासोडा. इकडच्या बायकांचा शीतलेचा दिवस, आदल्या दिवशीचं शिळं गार अन्न वाहायचं, वर थंड पाणी. सगळी गल्ली आमच्या खड्ड्यावर. देवळात गर्दी असते, इथे घरापाशी सोय झाली. पुरी, गुळाचा भात, दही. आणि पाणी, पाणी, पाणी. तांबे, लोटे, एकीने बादली. काठाची माती ढासळून आत पडताना मी ऐकली, डुबुक, डुबुक. ओरडले, बस करा! कोणी ऐकेना. गाणं चालू होतं.

गाणं चांगलं होतं, खोटं का बोलू. संध्याकाळी पालवी हातभर वाटत होती.

१२ मार्च, गुरु

यांचा पाय गेला.

मी दारातच होते. सतराव्या पावलाला. अजून भिंतीकडे वळले नव्हते. पायाखालची माती बसली, डावा पाय मांडीपर्यंत आत, काठी आत. दोन्ही हातांनी शेवगा धरला. त्यानेच धरून ठेवलं म्हणायचं, मुळं धरली होती त्याने. मी आणि भाभीने ओढून काढलं. भाभी रडत होती, माता ने बचाया, माता ने बचाया. मी म्हटलं, तुझ्या बादलीने पाडलं! मग माझ्याच लक्षात आलं, हळदकुंकू कोणी लावलं.

खरचटलंय, मुरगळलंय, हाड शाबूत. चप्पल खालीच राहिली.

हे एवढंच बोलले. “मी बरोबर मोजलं होतं. काठ एक पाऊल पुढे आला.”

१४ मार्च

बाहेर पडत नाहीत. सूज उतरली तरी नाही. मारुतीची घंटा वाजली की ठोके मोजतात, मग म्हणतात, आपले नाहीत.

मी विचारलं, पाडव्याला गुढी? दरवर्षी हेच उभी करतात, डोळे गेल्यावरही, गाठ यांचीच. गुढी झाली की मारुतीला जातात, लग्नाआधीपासूनचं आहे. म्हणाले, तू कर या वर्षी.

तू कर म्हणाले. एवढं कधी नाही लागलं मला काही.

१६ मार्च, सोम

भाभी आली, लोणचं घेऊन. खाली मान. म्हणाली, पाणी घालणं बंद करायला सांगितलंय सगळ्यांना. बसली. म्हटलं, फांदी काढू दे मग. तर तेच, “पूछ लो एक बार माता से. बस पूछ लो.” डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिचा धाकटा गोवरात गेला होता, तेव्हापासून शीतला शीतला करते. माहीत होतं मला. विसरले होते.

म्हटलं, ठीक. विचारते. लेखी विचारते.

या रजिस्टरची दोन पानं फाडली. एक साहेबाला, हातात देऊन पोच घेणार. ढक्कन लावा, फोटो नको. दुसरं खणाच्या गाठीत खोचलं आत्ता. त्यात लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, नंतर कोणी म्हणायला नको.

माता, किंवा जी कोण असशील ती. मी तुला बसवलं नाही, माझा हात चुकला. पण यांनी तुला धरलं आणि तू सोडलं नाहीस, तेवढं मानते. असशील तर ऊठ आणि माझ्या परसात चल. तिथे ऊन आहे, माती आहे, पाणी मी घालीन, बेताने. भाभीला रोज येऊ देईन. नसशील तर शेवगाच आहेस, शेंगांची आमटी करीन, राग मानू नकोस. गुरुवारी पाडवा. सकाळी सातला यांना गुढीपाशी उभं करणार, आणि मग दोनशे बारा पावलं. ढक्कनासकट किंवा ढक्कनाशिवाय, मी कुदळ घेऊन अठराव्यावर उभी असेन. साहेबालाही हीच वेळ दिलीय. तुम्हा दोघांपैकी कोणी का होईना, गुरुवार सकाळी सातच्या आत मला उत्तर पाहिजे.