लेक येण्याआधीची दाढी

गेल्या रविवारी सकाळी मी गुरुजींची दाढी करायला गेलो आणि न करताच बसून राहिलो. मी केस कापणारा, वय एकोणपन्नास. चित्त ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया. परत येणे देवाच्या हाती, म्हणून हे लिहून ठेवतो.

गुरुजींनी मला गावच्या शाळेत अक्षर शिकवले. त्यांची लेक सहा महिन्यांनी भेटायला येते. ती येणार त्या सकाळी तिचा भाऊ मला बोलावी. जटा झालेले केस, वाकडी वाढलेली नखे, ओली गादी. दोन तासांत मी माणूस उभा करी. लेक म्हणे, "दादा नीट बघतो हो!" सहा वर्षे गुरुजींचे हाल मी झाकले.

रविवारी मुलगा ओरडला, "वस्तरा चालव, पंचाईती करू नकोस!" तेवढ्यात लेक दारात आली. मी गुरुजींचा सदरा वर करून तिला त्यांच्या पाठीवरच्या, पडून पडून झालेल्या जखमा दाखवल्या. दुपारी आम्ही गुरुजींना माझ्या घरी आणले. ते म्हणाले, "शाळेत तर सगळ्यांच्या आधी यायचास. आता एवढा उशीर रे?"

१. माझे घर गुरुजींनी हयातभर वापरावे, पश्चात ते त्यांच्या लेकीचे. मला मूलबाळ नाही. पत्नी गेल्यापासून अकरा वर्षे इथे मीच बोलतो, मीच ऐकतो.

२. कात्र्या, वस्तरे समोरच्या सलूनवाल्याला. बडबड्या आहे, पण हात हलका. अट एकच: आठवड्यातून दोनदा गुरुजींची दाढी करावी आणि दर खेपेला पाठ पाहावी.

३. दुकानातली खुर्ची माझ्या धाकट्या भावाला. पत्नीच्या आजारपणात तो आला नाही, तुमच्याकडे बसायला जागा नसते म्हणाला. आता झाली.

४. बँकेतली शिल्लक गुरुजींच्या औषधांना आणि सांभाळणाऱ्या बाईंना.

५. गुरुजींना मुलाकडे कोणीही परत पाठवू नये. ते म्हणतात, "तक्रार नको रे, माझंच पोर आहे." त्यांच्या शब्दाखातर तीन दिवस गप्प राहिलो. पण मी नसलो तर तो त्यांना उचलून नेईल. म्हणून आज सकाळी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. पहिल्या ओळीत माझा गुन्हा लिहिला, मग त्याचा.

स्थळ: राहते घर
दिनांक: बुधवार, ११ जून
सही

साक्षीदार: १. औषधोपचार करणारे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)